नॅकवाली एजन्सी : क्रायटेरियन तीन ज्यांच्या गळ्यात आहे त्यांनी पैसे भरायच्या आधी वाचा

रेटिंग : ५ पैकी अडीच. त्यातला अर्धा स्टार फक्त एका पोरासाठी, ते पुढे येईलच.

दिवाळीच्या आधीपासून चार कॉलेजांतून फोन आले आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, मॅडम तुमच्याकडे नॅकला (कॉलेजच्या ग्रेडची तपासणी) कागद तयार करून देणारी ती एजन्सी होती ना, कशी आहे, घ्यावी का. प्रत्येकाला अर्धा अर्धा तास तेच तेच सांगून घसा बसला म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढते. एजन्सीचं नाव लिहिणार नाही. ज्यांना माहितीये त्यांना माहितीये, आणि तसंही आता अशा एजन्स्या जागोजागी झाल्यात, नाव बदलतं, पॅकेज तेच असतं.

आधी माझी बाजू. मराठवाड्यात, ऊसतोडीच्या पट्ट्यात, तालुक्याच्या गावी आमचं साधं अनुदानित कॉलेज, आर्ट्स कॉमर्स सायन्स, पदवीपर्यंतचंच. मी भूगोल शिकवते आणि सहा वर्षं एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजना) कार्यक्रम अधिकारी होते. त्यामुळे नॅकच्या सेकंड सायकलची (दुसऱ्या फेरीची) मीटिंग बसली तेव्हा प्रिन्सिपॉल सरांनी माझ्याकडे न बघताच सांगून टाकलं की क्रायटेरियन तीन मॅडम बघतील, एक्स्टेन्शन तर त्यांचंच आहे. रिसर्च पण त्याच क्रायटेरियनमध्ये येतं, ते कोणाचं आहे हे मात्र कोणी सांगितलं नाही.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नॅक म्हणजे १९९४ साली यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) काढलेली बेंगळुरूची संस्था, ती कॉलेजला ग्रेड देते. एकूण मार्क १०००, क्रायटेरिया सात. आमच्यासारख्या संलग्न पदवी कॉलेजला तिसऱ्या क्रायटेरियनचे ११० मार्क (विद्यापीठाला हेच २५० असतात), त्यात रिसर्च, इनोव्हेशन, एमओयू (दुसऱ्या संस्थांशी करार) आणि ३.४ म्हणजे एक्स्टेन्शन, गावात जाऊन काय केलंत ते. २०१७ पासून जी पद्धत आली त्यात साधारण सत्तर टक्के खेळ आकड्यांचा, राहिलेलं नॅकची पीअर टीम (तपासणी समिती) येऊन डोळ्यांनी बघून ठरवते. आकडे तुम्ही टाकायचे आणि डीव्हीव्हीवाले कुठेतरी बसून ते तपासणार, कागद मागणार, पटलं नाही तर कापणार. डीव्हीव्हीमध्ये कोण बसलंय हे आपल्याला कळत नाही, फक्त लाल अक्षरातला शेरा येतो.

तर एजन्सी. रेट अडीच लाख अधिक अठरा टक्के जीएसटी, म्हणजे २,९५,००० रुपये. तीन हप्ते, पहिला सही करताना, दुसरा एसएसआर (कॉलेजने स्वतःबद्दल नॅकला द्यायचा अहवाल) सबमिट झाल्यावर, तिसरा पीअर टीम येऊन गेल्यावर. ग्रेडची गॅरंटी लेखी देत नाहीत, तोंडी देतात. संस्थेने पैसे भरले, आमच्या पगारातून गेले नाहीत, पण मला हिशोबाची खोड आहे म्हणून सांगते. आम्ही जी पाच वर्षं दाखवत होतो त्या काळात एनएसएसच्या निवासी शिबिराला माणशी ४५० रुपये मिळायचे, ५० पोरांचे २२,५००. त्यात सात दिवस खाणं, गाडी, साहित्य, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, सगळं. म्हणजे एजन्सीच्या फीमध्ये आमची तेरा शिबिरं झाली असती. असो.

चांगलं काय ते आधी. सिस्टिम आहे त्यांच्याकडे, हे मान्यच करायला पाहिजे. आमच्याकडे पाच वर्षांचे अहवाल म्हणजे एक गोदरेजचं कपाट, त्यात हस्तलिखित हजेऱ्या, ग्रामपंचायतीची पत्रं, अर्धे फोटो कोणाच्या तरी जुन्या मोबाईलमध्ये आणि तो मोबाईल पाण्यात पडलेला. एजन्सीने दोन पोरं पाठवली, त्यातला एक बीकॉम झालेला, चोवीस-पंचवीसचा असेल, त्याने आठ दिवस स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून सगळं स्कॅन केलं, वर्षवार फोल्डर लावले, प्रत्येक कार्यक्रमाला नंबर दिला, एक्सेलच्या टेम्प्लेटमध्ये ओळ आणि त्या ओळीला लिंक, लिंक उघडली की अहवाल, हजेरी, फोटो, पत्र, सगळं एका पीडीएफमध्ये. रात्री दीड वाजता मेसेज टाकला तरी उत्तर यायचं. आमच्या ओएसना (कार्यालय अधीक्षकांना) जे दहा वर्षांत जमलं नाही ते या पोराने आठ दिवसात केलं. तोच तो अर्धा स्टारवाला. तो एकदा मला म्हणाला होता, मॅडम तुम्ही खरंच केलंय हे मला दिसतंय, पण आमच्या कामात क्लिक केल्यावर जे उघडतं तेवढंच खरं. हसत म्हणाला, पण मला ते लागलं.

आता भाषांतर. अहवाल सगळे मराठीत आणि एसएसआर इंग्रजीत. एजन्सीकडे म्हणे भाषांतराची टीम आहे. टीम कसली, मशीनमध्ये टाकून काढलेलं. श्रमदानाचं लेबर डोनेशन, प्रभात फेरीचं मॉर्निंग राउंड, बौद्धिक सत्राचं इंटेलेक्चुअल सेशन, इथपर्यंत मी गप्प बसले. पण हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाला टर्मरिक पावडर डिस्ट्रिब्युशन लिहिलेलं बघून माझा तोल गेला, आम्ही काय मसाल्याची कंपनी आहोत का. दोन रात्री बसून मी आणि इंग्रजीच्या सरांनी सगळं परत लिहिलं. पॅकेजमध्ये ही ओळ होती, लँग्वेज एडिटिंग समाविष्ट. म्हणून इथे एक स्टार गेला.

पहिला ड्राफ्ट आला त्यात ३.४.१ ला, जिथे पाचशे शब्दांत लिहायचं असतं की तुमच्या कामाचा समाजावर काय परिणाम झाला, तिथे तिसऱ्या परिच्छेदात समुद्रकिनारा स्वच्छता मोहीम. आमच्यापासून समुद्र चारशे किलोमीटर! कोकणातल्या कुठल्यातरी कॉलेजचा ड्राफ्ट उचलून नाव बदललं होतं आणि हे वाक्य राहून गेलं होतं. मी फोन केला तर एजन्सीचे मुख्य सर म्हणाले, अहो मॅडम सॅम्पल होतं ते, तुम्ही नदीकाठ करून घ्या. आमच्या नदीला डिसेंबरनंतर काठच उरतो, पाणी नसतं, पण ते सांगून उपयोग नव्हता.

आता मुख्य मुद्दा, आणि यासाठीच हा रिव्ह्यू लिहितेय, कारण हे कोणी सांगत नाही.

३.४.३ म्हणजे पाच वर्षांत किती एक्स्टेन्शन कार्यक्रम घेतले त्याचा आकडा. आकडा म्हटल्यावर एजन्सीची सगळी बुद्धी त्यावर. मुख्य सर आले, बोर्डवर लिहून दाखवलं, एक सात दिवसांचं शिबिर म्हणजे एक कार्यक्रम का दाखवता, सात दाखवा. पहिला दिवस ग्रामस्वच्छता, दुसरा आरोग्य तपासणी, तिसरा व्यसनमुक्ती रॅली, चौथा पशुचिकित्सा, असं. प्रत्येकाचा वेगळा अहवाल, वेगळा बॅनर. मी म्हटलं बॅनर एकच होता. ते म्हणाले बॅनर करता येतो. फोटोत? हो, फोटोत. (त्यांच्या अहवालाच्या कव्हरवर वर एनएसएसचं नॉट मी बट यू आणि त्याच्या बरोबर खाली एजन्सीचा स्वतःचा लोगो, दुप्पट मोठा. मला एकटीलाच हसू येत होतं.)

मग लाभार्थी. शिबिर जानेवारीत होतं, आमचं दत्तक गाव ऊसतोडीला जाणाऱ्यांचं. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते आणि धडधाकट माणसं बायकापोरांसकट कारखान्यावर, परत येतात ते पाडव्याच्या आगेमागे. जानेवारीत गावात कोण असतं, म्हातारी माणसं, शाळकरी लेकरं आणि कुत्री. आणि एजन्सीच्या टेम्प्लेटमध्ये आपोआप भरलेलं, लाभार्थी ग्रामस्थ ४५०. मी म्हटलं साडेचारशे माणसं त्या महिन्यात गावात नसतातच, तर पोरगं बिचारं म्हणालं मॅडम हा कॉलम रिकामा ठेवता येत नाही.

पण या सगळ्यात आम्ही जे खरं काम करत होतो ते कुठेच बसत नव्हतं. जे आईबाप लेकरांना सोबत नेत नाहीत त्यांच्यासाठी सरकारची हंगामी वसतिगृहं चालतात, शाळेतच, शाळा व्यवस्थापन समिती चालवते, लेकरं जेवतात तिथे आणि रात्री आजीकडे नाहीतर तिथेच. आमच्या दत्तक गावातलं वसतिगृह कॉलेजपासून नऊ किलोमीटर. आमचे स्वयंसेवक पाळीपाळीने, नोव्हेंबर ते मार्च, आठवड्यातून चार संध्याकाळी तिथे जातात, अभ्यास घेतात, पाढे, वाचन, कधी नुसते खेळ. चौथं वर्ष होतं ते. उद्घाटन नाही, बॅनर नाही, पाहुणे नाहीत. सुरुवात पण आम्ही ठरवून केलेली नाही, शिबिरात रात्री पोरींना दिसलं की लेकरं जेवण झाल्यावर नुसती व्हरांड्यात बसून राहतात, शिबिर संपलं तरी दोघी जायला लागल्या, मग सहा, मग वीस.

हे एजन्सीला सांगितलं तर मुख्य सरांनी विचारलं, तारीख काय टाकायची? मी म्हटलं तारीख नाही, पाच महिने चालतं. मग म्हणाले हा एक कार्यक्रम झाला. म्हणजे हिशोब बघा, एका दिवसात हातात फलक घेऊन चौकापर्यंत जाऊन फोटो काढून परत आलेली रॅली, एक कार्यक्रम. चार वर्षं दर हिवाळ्यात आठवड्यात चार संध्याकाळी, तोही एकच, फार तर वर्षाला एक धरून चार. त्यावर त्यांचा उपाय काय, तर दर संध्याकाळ वेगळी दाखवा, साठ-सत्तर सहज निघतील, फक्त दर वेळचा जिओटॅग फोटो पाहिजे. आता संध्याकाळी लेकरांना पाढे शिकवायचे की रोज वर्गात शिरल्याबरोबर मोबाईल वर धरून अक्षांश-रेखांश छापायचे. भूगोलाची बाई असून मला अक्षांश-रेखांशाचा कंटाळा आला हो.

कोरोनाचं वर्ष पण तसंच. २०२० च्या सप्टेंबरात राज्य सरकारची माझे कुटुंब माझी जबाबदारी मोहीम निघाली, आरोग्य कर्मचाऱ्याबरोबर दोन स्वयंसेवक घरोघर जाऊन ताप आणि ऑक्सिजन मोजायचे. आमची अठरा पोरं फिरली त्यात, घरच्यांचा विरोध असताना. फोटो एकाकडेही नाही, त्या दिवसांत फोटोची शुद्ध कोणाला होती. एजन्सीचं म्हणणं, पुरावा नाही, सोडून द्या, त्यापेक्षा त्या वर्षी आपण सात वेबिनार दाखवू. आणि हळूच पुढे, जुन्या तारखेची हजेरी पाहिजे असेल तर तीही होईल. ही ऑफर ज्यांना येईल त्यांनी तिथल्या तिथे नाही म्हणा. आमच्याकडे प्रिन्सिपॉल सर दोन दिवस घुटमळत होते, खोटं नाही सांगत, वरून संस्थेचं ग्रेडसाठी प्रेशर होतं. शेवटी मी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन बसले, तिथल्या सिस्टरनी जुन्या फायलीतून पथकांच्या याद्या काढून दिल्या, नावं होती, सगळ्या अठरांची, सही-शिक्क्यानिशी पत्र मिळालं. एक अख्खी दुपार आणि दोन चहा, एवढाच खर्च. हे काम एजन्सीचं नव्हतं का? त्यांच्या मते नव्हतं, डेटा कलेक्शन कॉलेजची जबाबदारी, एग्रीमेंटमध्ये बारीक अक्षरात आहे.

मग एसएसआर गेला. त्यांच्या आग्रहाने आणि आमच्या सरांच्या होकाराने ३.४.३ ला आकडा गेला ९६. शिबिराचे तुकडे, योग दिन, शिक्षक दिन, कॅम्पसमधलं वृक्षारोपण, सगळं धरून. मी मीटिंगमध्ये विरोध नोंदवला, मिनिट्समध्ये आहे. डीव्हीव्हीचा शेरा आला, दिन साजरे केलेले धरू नका, कॅम्पसच्या आत आपल्याच मुलांसाठी केलेलं हे एक्स्टेन्शन नाही, एकाच शिबिराचे भाग वेगळे मोजू नका. उरले ४१. गंमत म्हणजे एजन्सीच्या आधी मी जी यादी हाताने लिहिली होती त्यात ३९ होते. म्हणजे पावणेतीन लाखाच्या वर मोजून आम्हाला दोन कार्यक्रम जास्तीचे मिळाले. आणि ती नामुष्की वेगळीच, निम्म्याहून जास्त आकडा कापला की बाकीच्या कागदांकडे पण ते संशयाने बघायला लागतात, तसं झालंच, क्रायटेरियन पाचचेही कागद परत मागितले.

पुरस्काराचं तर बोलूच नका. ३.४.२ ला सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेकडून मिळालेले पुरस्कार लागतात. एजन्सीने सरपंचाच्या लेटरहेडवर टाकायला आभारपत्राचा मसुदा पाठवला, गावाच्या नावाच्या जागी टिंबं. आमच्या सरपंचबाई वाचून म्हणाल्या, मॅडम यात लिहिलंय आमचं गाव तुमच्यामुळे टँकरमुक्त झालं, तुम्ही मागच्या उन्हाळ्यात टँकर बघितला नाही का. सही केली नाही. बरोबरच केलं त्यांनी.

टँकरमुक्त हे कुठून आलं तेही सांगते. आम्ही दरवर्षी दिवाळीनंतर ओढ्यावर वनराई बंधारा घालतो. सिमेंटची रिकामी पोती, त्यात माती-वाळू भरून, तोंड शिवून, विटांसारखी सांधेमोड करून रचायची. हे ओढ्याला धार असते तोवरच करायचं असतं, म्हणून जानेवारीच्या शिबिरात करून उपयोग नाही, तेव्हा अडवायला पाणीच नसतं (बरीच कॉलेजं करतात, फोटोला कोरडा बंधारा छान दिसतो). आमच्याकडे ते पाणी संक्रांतीपर्यंत, फार तर फेब्रुवारीपर्यंत टिकतं, जनावरांना होतं, दोन-तीन विहिरींची पातळी थोडी तग धरते. पुढच्या पावसात बंधारा वाहून जातो, जायचाच असतो, पुढच्या वर्षी परत घालायचा. आता एजन्सीच्या ड्राफ्टमध्ये याचा कायमस्वरूपी सिमेंट बंधारा झाला होता. पोतं सिमेंटचं म्हणून बंधारा सिमेंटचा! पीअर टीमने म्हटलं असतं दाखवा, तर काय दाखवलं असतं आम्ही.

पीअर टीम २०२४ च्या जानेवारीत आली, तिघं जण, दोन दिवस. त्याच्या आधी एजन्सीने मॉक व्हिजिट घेतली, हीसुद्धा पॅकेजमध्ये. मॉक चांगली होती, खोटं का बोलू, फायली कुठे ठेवायच्या, कोणी कुठे बसायचं, प्रिन्सिपॉल सरांचं प्रेझेंटेशन चाळीस मिनिटांचं वीस मिनिटांवर आणलं, हे सगळं उपयोगी. पण एनएसएसच्या पोरांना त्यांनी उत्तरं पाठ करून दिली, शिबिरातून काय शिकलात तर लीडरशिप, टीमवर्क, कम्युनिकेशन स्किल, तिन्ही याच क्रमाने. पाचही पोरांनी तेच म्हटलं तर समोरचा काय दूधखुळा आहे का.

दुसऱ्या दिवशी दुपारी चेअरमन सरांनी, दुसऱ्या राज्यातले, माजी कुलगुरू, एसएसआर चाळताना वसतिगृहाची ओळ वाचली. ती ओळ मी भांडून ठेवली होती, नाहीतर शब्दमर्यादेत ती गेलीच असती आणि टँकरमुक्ती राहिली असती. त्यांनी विचारलं हे आज चालू आहे का. मी म्हटलं सर आज गुरुवार, चालू आहे, सहा वाजता. एजन्सीचे सर मागे उभे, डोळ्याने नको नको करत होते, कारण तिथे ना बॅनर ना रांगोळी. तिघंही आले. नऊ किलोमीटर, रस्ता तुम्हाला माहितीच आहे.

तिथे काय, नेहमीचंच. तीस-बत्तीस लेकरं, आमची सहा पोरं, एक बल्ब, भिंतीवर खडूने लिहिलेले पाढे. स्वयंपाकवाल्या मावशी भाकरी थापत होत्या. चेअरमन सरांनी हिंदीत विचारलं की ये लोग कब से आते हैं. मावशी हात न थांबवता म्हणाल्या, दिवाळी झाली की येतेत, पाडव्याला बंद. मधी संक्रांतीला नव्हते आले, लेकरं रुसले होते. मी भाषांतर करत होते आणि संक्रांतीचं सांगावं की गाळावं अशा विचारात पडले, मग सांगून टाकलं. एका पोरानं कोट घातलेल्या सरांकडे बघून विचारलं, तुम्ही कारखान्याचे साहेब का, माझ्या पप्पाला कधी सोडणार. त्याचं भाषांतर करायला मला जरा वेळ लागला.

मग त्यांनी आमच्या एका मुलीला विचारलं, तू इथे का येतेस. पाठ केलेलं होतं तिला, मॉकमध्ये सगळ्यात चांगलं तिनेच म्हटलं होतं. पण ती म्हणाली, सर मी चौथीला असताना अशाच वसतिगृहात राहायचे. जेवण झालं की रडू यायचं. तेव्हा कोणीतरी यावं असं वाटायचं. एवढंच. पुढे काहीच बोलली नाही, आणि सरांनीही लीडरशिप वगैरे विचारलं नाही, वहीत काहीतरी लिहिलं.

आम्हाला बी प्लस प्लस मिळाली. आधी बी होती, म्हणजे दोन पायऱ्या वर. पीअर टीमच्या रिपोर्टमध्ये बलस्थानांत वसतिगृहाचा उल्लेख आहे, आकड्यांत जिथे मार खाल्ला तिथे डोळ्यांनी बघून दिलेल्या मार्कांनी सावरलं असं आमचे आयक्यूएसीचे (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचे) सर म्हणतात. एजन्सीने त्याच रात्री व्हॉट्सअॅप स्टेटसला टाकलं, आणखी एक यशस्वी क्लायंट. खाली फोटो कोणाचा, तर मावशींचा, भाकरी थापताना. विचारलं पण नव्हतं त्यांना. मी फोन करून काढायला लावला.

सेवेनंतरची सेवा, इथे शून्य. करारात दोन वर्षं एक्यूएआरला (नॅकला दरवर्षी पाठवायचा गुणवत्ता अहवाल) मदत होती. पहिल्या वर्षी फोन उचलला, दुसऱ्या वर्षी मुख्य सर कायम मीटिंगमध्ये. आणि सगळ्यात वाईट, हे नीट वाचा, पुराव्यांचे सगळे पीडीएफ त्यांनी त्यांच्या सर्व्हरवर ठेवले होते, आपल्या वेबसाईटवर फक्त लिंका. यंदा एप्रिलमध्ये सगळ्या लिंका मेल्या. क्लिक केलं की पान सापडत नाही. फोन केला तर म्हणे वार्षिक रिन्यूअल अठरा हजार. पाच वर्षांची आमची कागदपत्रं आणि आम्हालाच भाडं! त्या बीकॉमवाल्या पोराने वाचवलं, त्याने एजन्सी सोडली आहे, पण निघताना त्याने माझ्याकडे गुपचूप एक हार्डडिस्क दिली होती, मॅडम असू द्या जवळ, लागेल. लागली. अर्धा स्टार का, ते कळलं असेल आता. खरं तर पूर्ण द्यायला पाहिजे होता, पण हळदीकुंकू त्याच्याच लॅपटॉपवरून आलं होतं.

घ्यायचीच असेल तर करारात हे टाका की सगळ्या फायली कॉलेजच्या स्वतःच्या डोमेनवर राहतील आणि शेवटचा हप्ता त्या हलवून झाल्याशिवाय दिला जाणार नाही. भाषांतर स्वतः करा, इंग्रजीचे सर कुरकुरतील पण करतात. ३.४ चा एकही शब्द त्यांना लिहू देऊ नका, फक्त स्कॅनिंग आणि लिंका त्यांच्याकडे. तेवढ्याच कामाचा वेगळा रेट मागा, साठ-सत्तर हजारात करतात, मागितल्याशिवाय सांगत नाहीत. आणि तुमच्याकडे चार वर्षं चाललेलं एखादं काम असेल तर त्याची साधी वही ठेवा, आज कोण गेलं, किती लेकरं होती, बास. मावशींकडे आमच्या पोरांची अशी एक वही निघाली, वाणसामानाच्या हिशोबाच्या मागच्या पानांवर, कोण आलं कोण नाही. ती मी स्कॅन करून जोडली आणि डीव्हीव्हीने जे ४१ धरले त्यात ती आहे.

आता नॅकच बदलतंय म्हणतात, ग्रेड जाऊन मान्य किंवा अमान्य एवढंच राहणार, त्याची घोषणा होऊन बराच काळ झाला. मध्ये २०२५ च्या फेब्रुवारीत आंध्रातल्या एका विद्यापीठाच्या प्रकरणात सीबीआयने तपासणी समितीतल्या लोकांनाच लाच घेतल्याच्या आरोपाखाली अटक केली, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये दोन दिवस दुसरा विषय नव्हता, मला मात्र त्या तिघांची आठवण येत होती, बल्बखाली सतरंजीवर बसलेल्या. एजन्सीला या कशानेच फरक पडत नाही, त्यांचं नवीन ब्रोशर आलंय. नवीन शैक्षणिक धोरणात आता कम्युनिटी एंगेजमेंटचं प्रोजेक्ट क्रेडिटसाठी करायचं असतं ना, सीईपी, तर त्याचा तयार रिपोर्ट, विद्यार्थ्यामागे दीडशे रुपये, गावाचं नाव तुम्ही टाकायचं. आमच्या एका सीएचबीवाल्या (तासिका तत्त्वावरच्या) सरांनी ते ग्रुपवर टाकलं आणि खाली अंगठा पण दिला. त्यांचंही बरोबर आहे म्हणा, तासाच्या पैशात नऊ किलोमीटर रोज कोण जाणार.

कोणाला आणखी विचारायचं असेल तर फोन करा, पण सोमवारनंतर. शनिवार-रविवार पोती शिवायला बसणार आहोत, ओढ्याची धार या वर्षी लवकर बारीक व्हायला लागलीये आणि सुतळी अजून यायचीये.